‘कदाचित’ म्हणणारी वॉर्निंग: एकाच कोडवर कम्पायलर कधी ओरडतो, कधी गप्प का बसतो?

जुलै २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कोडसाठी एक वॉर्निंग सरसकट बंद करून टाकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. मे २०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी ती पुन्हा बंद केली.

वाद ज्या वॉर्निंगवरून होता, तिचा मराठीत अर्थ साधारण असा: ‘हे व्हेरिएबल कदाचित किंमत न देताच वापरलं जातंय.’

यातला ‘कदाचित’ महत्त्वाचा. ही वॉर्निंग अनेकदा खोटी निघते. शिवाय कोडमधलं एक अक्षरही न बदलता, फक्त कम्पायलरची सेटिंग बदलली तरी ती येते किंवा गायब होते. इंजिनिअरिंगला सी शिकलेल्या अनेकांनी ती पाहिली असेल आणि ‘प्रोग्रॅम तर चालतोय’ म्हणून सोडूनही दिली असेल. पण लिनक्स कर्नल प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या मुळाशी आहे, इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरवर आहे. तिथे ही वॉर्निंग सोडून देणंही धोक्याचं आणि तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणंही. असाच एक इशारा गप्प करण्याच्या नादात २००६ ते २००८ अशी जवळपास दोन वर्षं हजारो सर्व्हरची कुलुपं सताड उघडी राहिली होती. त्याबद्दल पुढे येईलच.

किंमत न दिलेलं व्हेरिएबल म्हणजे काय?

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस जे लिहितो तो सोर्स कोड. तो प्रोसेसरला कळेल अशा सूचनांमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर म्हणजे कम्पायलर. सी आणि सी प्लस प्लस या भाषांसाठी जीसीसी आणि क्लँग हे दोन कम्पायलर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

व्हेरिएबल म्हणजे मेमरीतला नाव दिलेला डबा. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा एखादा डबा उचलायचा, त्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी चिकटवायची आणि त्यात साखर भरायची. सी भाषेची अडचण अशी की चिठ्ठी चिकटवणं आणि साखर भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. डबा आधी कोणी वापरला होता, त्यात काय उरलंय, हे सी बघत नाही. धुऊनही देत नाही. चिठ्ठी लावली, पण साखर भरायची राहून गेली, तर चहात मीठ पडू शकतं. कधी डबा रिकामाही असतो आणि मग चहा फक्त फिका होतो. कधी योगायोगाने त्यात आधीची साखरच असते आणि चूक वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातच येत नाही.

सी भाषा अशी का? १९७० च्या दशकात ती घडली तेव्हा कम्प्युटर सावकाश चालायचे. प्रत्येक डबा आधी धुवायचा म्हटलं तर वेळ जाणार आणि लगेच साखर भरायचीच असेल तर धुण्याची मेहनत फुकट. म्हणून ती जबाबदारी प्रोग्रॅमरवर टाकली गेली.

डब्यात उरलेला ऐवज कधीकधी साखर-मिठापेक्षा गंभीर असतो. आधीच्या कामातला पासवर्डचा तुकडा, एखादी गुप्त किल्ली किंवा मेमरीचा पत्ता तिथे पडून राहिलेला असू शकतो. तो भलत्याच्या हाती लागला की ती सुरक्षेतली त्रुटी ठरते. म्हणूनच कम्पायलर लिहिणाऱ्यांनी इशाऱ्याची सोय केली.

मग इशारा खोटा का निघतो?

समजा, एका माणसाची सकाळची यादी अशी आहे.

पहिली ओळ: पाऊस असेल तर छत्री घे.
दुसरी ओळ: दूधवाल्याचा हिशेब कर.
तिसरी ओळ: पाऊस असेल तर छत्री उघड.

माणसाला यात काहीच खटकत नाही. पाऊस असेल तर छत्री घेतलेली असणारच आणि नसेल तर ती उघडायची वेळच येणार नाही. पण ही यादी तपासणारा एखादा काटेकोर कारकून म्हणेल: पहिल्या ओळीत दोन वाटा फुटतात, छत्री घेतली किंवा नाही घेतली. तिसऱ्या ओळीतही दोन वाटा आहेत, उघडली किंवा नाही उघडली. म्हणजे एकूण चार शक्यता. त्यातल्या एकीत छत्री घेतलेली नाही, पण उघडायची आहे. इशारा द्या!

ही चौथी शक्यता प्रत्यक्षात येऊच शकत नाही, कारण दोन्ही ओळींतली अट एकच आहे. पण ते कळायला दोन दूरच्या ओळी जोडून बघाव्या लागतात. प्रोग्रॅममध्ये अशा दोन ओळींमध्ये कधी दोनशे ओळींचं अंतर असतं, कधी दुसरी ओळ वेगळ्याच फाइलमध्ये असते.

पण कारकुनाला हसण्याआधी मधली ओळ पुन्हा वाचायला हवी. दूधवाल्याचा हिशेब करता करता बाहेर पाऊस सुरू झाला तर? पहिल्या ओळीच्या वेळी ऊन होतं, छत्री घेतली नाही. तिसऱ्या ओळीच्या वेळी पाऊस आहे, छत्री उघडायची आहे आणि हातात छत्रीच नाही. आता कारकून बरोबर ठरला.

म्हणजे इशारा खरा की खोटा, हे मधल्या ओळीत ‘पाऊस’ बदलू शकतो की नाही यावर ठरतं. मधली ओळ जर दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनला बोलावत असेल, तर कम्पायलरला ते फंक्शन दिसतही नाही. तिथे काय होत असेल, याचा त्याला अंदाजच बांधावा लागतो. त्या अंदाजातूनच ‘कदाचित’ येतं.

हा अंदाज शंभर टक्के अचूक करता येईल का? नाही. हे कम्पायलर बनवणाऱ्यांच्या आळसामुळे नाही, गणितामुळे. एखादा प्रोग्रॅम कुठल्या वाटेने जाईल आणि कधी थांबेल, हे कोणत्याही प्रोग्रॅमबद्दल नेमकं सांगणारी एकच सार्वत्रिक पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केलं. ‘या वाटेने किंमत न देता व्हेरिएबल वापरलं जाईल का’ हा प्रश्न त्याच जातकुळीतला आहे. त्यामुळे कम्पायलरपुढे दोनच पर्याय उरतात: काही खोटे इशारे द्यायचे किंवा काही खऱ्या चुका सोडायच्या. प्रत्यक्षात बहुतेक कम्पायलर दोन्ही करतात.

जीसीसीने २०१२ मध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीत हा फरक मान्य केला. तोवर एकच वॉर्निंग होती. ४.७ मध्ये तिचे दोन भाग झाले: ‘किंमत न देता वापरलंय’ असं ठामपणे सांगणारी आणि ‘कदाचित वापरलं जाईल’ म्हणणारी. सगळी डोकेदुखी दुसरीची.

ऑप्टिमायझेशनमुळे नेमकं काय बदलतं?

कम्पायलर कोडचं फक्त भाषांतर करत नाही, तो कोड वेगवान करण्यासाठी बदलतोही. या कामाला ऑप्टिमायझेशन म्हणतात आणि ते किती करायचं याच्या पायऱ्या असतात. ओ-झीरो म्हणजे जवळपास काहीच करू नको. ओ-टू म्हणजे भरपूर कर. ओ-थ्री म्हणजे आणखी जोरात. ओ-एस म्हणजे वेगापेक्षा आकार लहान ठेव.

कोणालाही वाटेल की वॉर्निंग मूळ कोड वाचून येत असणार, मग ऑप्टिमायझेशनचा तिच्याशी काय संबंध? जीसीसीत नेमकं उलटं आहे. ‘कदाचित’वाली तपासणी तो मूळ कोडवर करत नाही, बदलून झालेल्या कोडवर करतो. ऑप्टिमायझेशनसाठी कुठली किंमत कुठून कुठे जाते याचा नकाशा त्याला बनवावाच लागतो. त्याच नकाशावर फुकटात ही तपासणी उरकली जाते. ओ-झीरोवर नकाशाच बनत नाही, म्हणून ही वॉर्निंगही येत नाही.

यातून गमतीदार परिणाम होतात. ‘गमतीदार’ हे बघणाऱ्याला. ज्याला रात्री दोन वाजता बिल्ड पूर्ण करायचा आहे त्याला नव्हे.

ओ-टूवर कम्पायलर कधीकधी छत्रीच्या यादीचे चक्क दोन भाग करतो: एक पावसाच्या दिवसाची यादी, एक उन्हाची. पावसाच्या यादीत छत्री घे, हिशेब कर, छत्री उघड. उन्हाच्या यादीत फक्त हिशेब. अशी फोड केली की अशक्य असलेली चौथी वाट आपोआप नाहीशी होते आणि खोटा इशाराही येत नाही. कम्पायलरला इशारा टाळायचा नव्हता, त्याला फक्त एक अट पुन्हा तपासण्याचा वेळ वाचवायचा होता. इशारा टळला हा बोनस.

ओ-एसवर मात्र अशी फोड करणं महाग पडतं, कारण ‘हिशेब कर’ दोनदा लिहावं लागतं आणि प्रोग्रॅमचा आकार वाढतो. म्हणून कम्पायलर यादी एकत्रच ठेवतो. चौथी वाट नकाशावर तशीच राहते आणि वॉर्निंग येते. कोड तोच, माणूस तोच.

ओ-थ्रीवर तिसराच प्रकार. तिथे कम्पायलर लहान-मोठी फंक्शन्स जिथे वापरली आहेत तिथे थेट आत ओततो. वाटांची संख्या भराभर वाढते आणि सगळ्यांचा माग ठेवणं त्याला जमत नाही. मग जिथे खात्री नाही तिथे ‘कदाचित’. भरीस भर म्हणजे फंक्शन दुसऱ्याच्या पोटात गेलेलं असल्याने वॉर्निंग कधीकधी भलत्याच ओळीकडे बोट दाखवते. प्रोग्रॅमर ती फाइल उघडतो, तिथला कोड निर्दोष असतो, तो वैतागून पुढे जातो. खरी गोम जिथून ते फंक्शन बोलावलं त्या जागी असू शकते.

लिनक्स कर्नलमधला घोळ यातूनच सुरू झाला. ओ-एसवर खोटे इशारे फार येतात म्हणून त्या सेटिंगसाठी ही वॉर्निंग बंद केली गेली. पण कर्नलचे जवळपास सगळे भाग एकदम बिल्ड करून तपासण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात नेमकी ओ-एस सेटिंग चालू व्हायची. म्हणजे जिथे सर्वांत जास्त कोड तपासला जातो तिथेच हा पहारा उठला. त्या काळात खऱ्या चुकाही कोणाच्या लक्षात न येता आत शिरल्या.

टोरवाल्ड्स यांची २०१६ मधली तक्रार वेगळी होती. त्यांनी तपासलेला प्रत्येक इशारा खोटा निघाला होता आणि खोट्या इशाऱ्यांच्या गर्दीत खरे इशारे दिसत नव्हते. त्यांचा मुद्दा होता की जी वॉर्निंग सोडवते त्यापेक्षा जास्त प्रश्न निर्माण करते, ती नसलेली बरी. त्यानंतर इतर डेव्हलपरनी कर्नलमधले उरलेले इशारे एकेक करून निस्तरले आणि नोव्हेंबरमध्ये वॉर्निंग परत आणली.

पुढे मे २०२० मध्ये जीसीसीची दहावी आवृत्ती आली. फंक्शन्स आत ओतण्याचं जे तंत्र आधी ओ-थ्रीवर चालायचं, ते या आवृत्तीत थोडा बदल करून ओ-टूवरही सुरू केलं गेलं. त्याच महिन्यात टोरवाल्ड्स यांनी अमुक आवृत्तीवर चालू, तमुक सेटिंगवर बंद हा सगळा खेळ थांबवला आणि वॉर्निंग सरसकट बंद केली.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, हीच यातली अडचण.

खरी चूक असताना कम्पायलर गप्पही बसतो का?

बसतो. आणि हे खोट्या इशाऱ्यापेक्षा वाईट आहे.

समजा यादीत फक्त दोन ओळी आहेत: ‘पाऊस असेल तर डब्यात १ ठेव’ आणि ‘डब्यात काय आहे ते सांग’. पाऊस नसेल तर डब्यात काहीही असू शकतं, ही उघड चूक आहे. पण ऑप्टिमायझेशन करणारा कम्पायलर असा विचार करतो: पाऊस असेल तर उत्तर १. नसेल तर उत्तर काहीही चालेल, कारण भाषेच्या नियमांनुसार तिथे कुठलंच बंधन नाही. काहीही चालणार असेल तर १ का नको? म्हणजे दोन्ही वेळा उत्तर १. डबा हवाच कशाला, थेट १ सांगून मोकळा होतो.

डबाच उरला नाही, त्यामुळे तपासणीच्या वेळी इशारा द्यायलाही काही उरत नाही. जीसीसीच्या त्रुटींच्या नोंदवहीत १८५०१ क्रमांकाची तक्रार याबद्दलच आहे. ती २००४ मध्ये नोंदवली गेली आणि वर्षानुवर्षं पडून राहिली, कारण ती दुरुस्त करायची तर हे ऑप्टिमायझेशन किंवा तपासणीची जागा, यातलं काहीतरी हलवावं लागतं.

प्रोग्रॅमर यावर काय करतात?

सर्वांत सोपा उपाय: व्हेरिएबल तयार करतानाच त्यात शून्य भरायचं. वॉर्निंग गायब.

हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. कर्नलमध्ये अनेक फंक्शन्स काम झालं की शून्य परत करतात आणि काम बिघडलं तर ऋण आकडा. आता ‘निकाल’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये सुरुवातीलाच शून्य भरलं आणि एखाद्या वाटेवर खरा निकाल लिहायचा राहिला, तर बिघडलेलं काम ‘यशस्वी’ म्हणून पुढे जाईल. यानंतर कम्पायलरही काही बोलणार नाही, कारण त्याच्या लेखी डबा भरलेला आहे. आज खोटा असलेला इशारा दाबताना उद्याचा खरा इशाराही दाबला जातो.

दुसरा उपाय म्हणजे निव्वळ जुगाड. व्हेरिएबलला त्याचीच किंमत द्यायची: डब्यात डब्यातलंच काढून पुन्हा ठेवायचं. प्रत्यक्षात काहीच होत नाही, पण जीसीसी समजतो की माणसाने मुद्दाम केलंय आणि गप्प बसतो. कर्नलमध्ये या जुगाडाचं २००७ पासून एक अधिकृत मॅक्रोही होतं. पुढे कोड बदलत गेला, काही ठिकाणी खोट्या इशाऱ्याच्या जागी खरी चूक येऊ शकेल अशी स्थिती झाली, पण मॅक्रो तोंड दाबून बसलेलंच. शिवाय ते इतर, असंबंधित वॉर्निंगही दाबायचं. अखेर २०२० मध्ये कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या कीस कुक यांनी ते सगळीकडून उपटून काढलं.

कंटाळवाणा उपाय सर्वांत चांगला: छत्रीच्या यादीची फोड माणसानेच करायची. म्हणजे एकच अट दोनदा तपासण्याऐवजी सगळं पावसाळी काम एकाच अटीखाली लिहायचं. कम्पायलरला कळतं, पुढे कोड वाचणाऱ्यालाही कळतं. पण यासाठी आधी कोड समजून घ्यावा लागतो. तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो. कधी तो दुसऱ्याने लिहिलेला असतो आणि कसा चालतो हे विचारायची सोय नसते.

डेबियनमध्ये काय घडलं होतं?

हे प्रकरण कम्पायलरच्या वॉर्निंगचं नाही, प्रोग्रॅम चालू असताना मेमरीवर नजर ठेवणाऱ्या व्हॅलग्राइंड आणि प्युरिफाय या टूल्सच्या इशाऱ्याचं आहे. पण तक्रार तीच होती: किंमत न दिलेली मेमरी वापरली जातेय.

डेबियन ही लिनक्सची जुनी आणि लोकप्रिय आवृत्ती. उबंटू तिच्यावरच उभी आहे. डेबियनमध्ये ओपनएसएसएल ही लायब्ररी असते. वेबसाइट आणि सर्व्हर यांच्या गुप्त किल्ल्या बनवण्याचं काम तिच्याकडे असतं. किल्ली बनवायला यादृच्छिक, म्हणजे कोणालाही ओळखता न येणारे आकडे लागतात. ओपनएसएसएल त्यासाठी मिळेल तिथून अनिश्चित माहिती गोळा करून एका मोठ्या भांड्यात घुसळायचं.

या घुसळणीत एके ठिकाणी किंमत न दिलेली मेमरीही घातली जायची. मुद्दाम. तिथे काय कचरा असेल सांगता येत नाही, मग तोही मिसळला तर नुकसान काय, असा विचार. पण त्यामुळे ओपनएसएसएल वापरणारा कुठलाही प्रोग्रॅम व्हॅलग्राइंडखाली चालवला की इशाऱ्यांचा पाऊस पडायचा. इशारे तांत्रिकदृष्ट्या खरे होते, पण धोका दाखवत नव्हते.

डेबियनसाठी ही लायब्ररी सांभाळणाऱ्या डेव्हलपरने कोडमधल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. दोन्ही हुबेहूब सारख्या, फक्त दोन वेगळ्या फंक्शनमध्ये. त्या काढल्या तर चालेल का, अशी विचारणाही ओपनएसएसएलच्या लोकांकडे केली. ठाम विरोध झाला नाही. ओळी काढल्या गेल्या, इशारे थांबले. सप्टेंबर २००६ मध्ये हा बदल डेबियनमध्ये दाखल झाला.

दोनपैकी एक ओळ खरोखर बिनमहत्त्वाची होती, तीच कचरा मिसळणारी. दुसरी मात्र भांड्याचं तोंड होती. बाहेरून येणारी सगळी अनिश्चित माहिती तिच्यातूनच आत जायची. ती ओळ गेली आणि भांडं जवळपास रिकामं राहिलं. आत जाणारी एकच बदलती गोष्ट उरली: चालू प्रोग्रॅमला सिस्टम देते तो प्रोसेस क्रमांक. लिनक्सवर हा क्रमांक तेव्हा साधारणपणे ३२,७६८ च्या आत असायचा.

म्हणजे कागदावर २,०४८ बिटची, अब्जावधी वर्षांत तोडता न येणारी किल्ली. प्रत्यक्षात एका प्रकारच्या कम्प्युटरवर, एका आकाराच्या किल्ल्या फक्त ३२,७६७. घरचा साधा कम्प्युटरही तेवढ्या सगळ्या बनवून, एकेक लावून बघू शकतो.

१३ मे २००८ रोजी डेबियनने ही त्रुटी जाहीर केली. लुचियानो बेल्लो या डेबियन डेव्हलपरला ती सापडली होती. काही दिवसांतच सर्व शक्य किल्ल्यांच्या तयार याद्या इंटरनेटवर फिरू लागल्या. जगभरच्या सिस्टम ॲडमिनना सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या किल्ल्या, वेबसाइटची प्रमाणपत्रं, व्हीपीएनच्या किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या. नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करून भागत नव्हतं, कारण कमकुवत किल्ल्या आधीच बनून इतर सिस्टमवर पोहोचल्या होत्या. डीएसए प्रकारची किल्ली तर चांगल्या मशिनवर बनवलेली असली, तरी बिघडलेल्या मशिनवर एकदा वापरली असेल तर बाद धरावी, असा सल्ला होता.

दोन वर्षांच्या या काळात प्रोग्रॅम मात्र व्यवस्थित चालत होता. किल्ल्या बनत होत्या, लॉगिन होत होतं. आणि इशारे येत नव्हते.

आता काय स्थिती आहे?

काही भाषांनी हा प्रश्न मुळातच वेगळ्या पद्धतीने सोडवला. जावामध्ये किंमत न दिलेलं स्थानिक व्हेरिएबल वापरलं की वॉर्निंग नाही, थेट एरर येते. कोणत्या वाटा मोजायच्या हे भाषेच्या नियमातच लिहिलंय, ऑप्टिमायझेशनचा संबंध नाही. छत्रीची निर्दोष यादीही जावा नाकारतो, पण प्रत्येक वेळी, प्रत्येक कम्प्युटरवर सारखीच नाकारतो. रस्टचंही तसंच. सीमध्ये हा नियम आता आणला तर पन्नास वर्षांचा जुना कोड बिल्डच होणार नाही.

क्लँगने मधला मार्ग घेतला. तो ही तपासणी ऑप्टिमायझेशनच्या आधी, मूळ कोडवर करतो. त्यामुळे ओ-झीरो असो वा ओ-थ्री, इशारे सारखेच. बदल्यात काही चुका त्याच्या नजरेतून सुटतात, कारण तो एका फंक्शनच्या बाहेर डोकावत नाही.

सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी इशाऱ्यांवर विसंबणं कमी केलं आहे. डबा वापरायला देण्याआधी कम्पायलरनेच धुऊन द्यावा, अशी सोय क्लँगमध्ये २०१९ मध्ये आली आणि जीसीसीमध्ये २०२२ च्या बाराव्या आवृत्तीत. २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये गूगलने ती वापरायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठी अशीच यंत्रणा बनवली. आजचे प्रोसेसर इतके वेगवान आहेत की धुण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी जाणवत नाही. ‘सी प्लस प्लस २६’ या मानकासाठी स्वीकारलेल्या बदलानुसार तर अशा व्हेरिएबलची किंमत वाचणं ही ‘काहीही होऊ शकतं’ या गटातली चूक न राहता मर्यादित परिणाम असलेली चूक ठरते. म्हणजे वर सांगितलेली ‘काहीही चालेल तर १ का नको’ ही पळवाट कम्पायलरला बंद होते.

डबा धुतल्याने जुन्या पासवर्डचा तुकडा बाहेर जाणार नाही. पण साखर भरायची राहिली असेल तर ती राहिलेलीच आहे, आणि ‘निकाल’च्या डब्यातलं शून्य अजूनही ‘यशस्वी’ असंच वाचलं जाईल. जीसीसीने याची दखल घेतली आहे. ही सोय चालू असली तरी तो असं व्हेरिएबल किंमत न दिलेलंच धरतो आणि ‘कदाचित’वाली वॉर्निंग देत राहतो. लिनक्स कर्नलमध्ये २०२० च्या बदलानंतर ती बघायची असेल तर बिल्ड करताना ‘डब्ल्यू बरोबर २’ अशी जादा सूचना द्यावी लागते. नेहमीच्या बिल्डमध्ये ती दिसत नाही.